नोंदवहींत नसलेलें नांव

कांहीं विषय असे असतात कीं, ते घरांत सर्वांस ठाऊक असतात, परंतु त्यांचा उच्चार मात्र कोणीच करीत नाहीं. वडील माणसें समोर असतां धाकट्यांनीं बोलूं नये आणि धाकटीं समोर असतां वडिलांनीं बोलूं नये, अशा दुहेरी मर्यादेंत ते सांपडलेले असतात. आणि एकत्र कुटुंबांत कोणी ना कोणी सदैव समोर असतेंच. गुप्तरोग हा त्यांपैकींच एक विषय. ज्यानें जन्मभर मुलांकडून शब्दरूपें आणि संधि घोकून घेतले, त्या आमच्यासारख्या शिक्षकानें या विषयावर लेखणी चालवावी, हें आमच्या कित्येक स्नेह्यांस विपरीत वाटेल. खरें सांगावयाचें तर आम्हांसही वाटतें. परंतु एका स्त्रीचें ऋण आमच्या माथ्यावर आहे, आणि तें अंशतः तरी फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. तें ऋण कोणतें, हें ओघानें येईलच.

निमित्त घडलें तें असें. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या वैद्यकाचें शिक्षण घेत आहे. सुटींत ती हुपरीस आली असतां तिचीं पुस्तकें व टिपणें माजघरांत पसरलेलीं होतीं. दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही झोपाळ्यावर सुपारी कातरीत बसलों होतों. आमचें कुटुंब आणि भावजय गहूं निवडीत होत्या. बंधूंनीं सहज एक कागद उचलला, चष्मा सावरला आणि मोठ्यानें वाचलें, "पुण्याच्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३-९४ सालीं आलेले रोगी २,८००, पैकीं एच.आय.व्ही.ची लागण झालेले ६५५. प्रमाण शेंकडा २३.४." क्षणभर थांबून ते उद्गारले, "म्हणजे जवळजवळ चौघांत एक! काय हें पुणें!"

गहूं निवडणारे हात जागच्या जागीं थांबले. भावजय कांहीं निमित्त काढून स्वयंपाकघरांत गेल्या. मुलगी मात्र न लाजतां म्हणाली, "बाबा, हे पुण्याचे आकडे नाहींत, दवाखान्याचे आहेत."

"दवाखाना पुण्यांतच ना?"

"हो, पण त्या दवाखान्यांत कोण येतं, तें बघा ना."

बंधूंच्या हें ध्यानांत येईना. तेव्हां शिक्षकाची जुनी खोड आमच्या अंगांत संचरली आणि आम्हीं गांवचाच दाखला घेतला.

हुपरी हें चांदीचें गांव, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यांतील हें गांव. येथील पैंजण, वाळे, कमरपट्टे देशांतील दूरदूरच्या पेठांत जातात. येथें घरोघर चांदीचें काम चालत आलें आहे, त्यामुळें टंच हा शब्द लहान पोरासही कळतो. चांदी शुद्ध किती व तींत मिसळ किती, हें ठरविणें म्हणजे टंच काढणें. आतां समजा, टंच काढणाऱ्याकडे एके दिवशीं शंभर नग आले आणि त्यांतील पंचवीस हिणकस निघाले. तेवढ्यावरून 'हुपरीची चौथाई चांदी हिणकस' असें कोणी म्हणेल काय? ज्या चांदीविषयीं मनांत शंका आली, जी मोड म्हणून आटणीस निघाली, तीच बहुधा त्या दुकानीं येते. घरोघरच्या पेट्यांत जी ठेवलेली आहे, ती तेथें येतच नाहीं. ती सगळीच हिणकस आहे, असें यावरून ठरत नाहीं. आणि ती सगळीच शुद्ध आहे, असेंही ठरत नाहीं. तिचा टंच काढलेला नाहीं, एवढेंच ठरतें.

बंधूंस हें पटलें. परंतु शेवटचें वाक्य बोलतां बोलतां आमचाच स्वर मंदावला. गव्हाच्या ताटावरून वर पाहून आमच्या कुटुंबानें एकवार आमच्याकडे दृष्टि टाकली. त्या दृष्टीचा अर्थ आम्हां दोघांसच ठाऊक होता.

त्या कागदामागची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. एच.आय.व्ही.ची लागण भारतांत प्रथम १९८६ सालीं, आज चेन्नई म्हणतात त्या शहरीं उघडकीस आली. १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील संशोधकांनीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्यानें पुण्यांतील गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्यांची तपासणी मे १९९३ पासून आरंभिली, आणि पहिल्या २,८०० रोग्यांचें फलित १९९५ सालीं इंग्लंडांतील प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. या दवाखान्यांत माणूस येतो तो बहुधा व्रण, स्राव, दाह अशी कांहींतरी तक्रार घेऊनच. शिवाय गुह्यभागीं व्रण असला, म्हणजे एच.आय.व्ही.च्या विषाणूस शरीरांत शिरण्यास तें उघडें दारच होय. तेव्हां अशा ठिकाणीं प्रमाण मोठें निघावें, यांत नवल नाहीं. सर्व देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रीपुरुषांत हेंच प्रमाण २०२३ सालच्या सरकारी अंदाजाप्रमाणें शेंकडा सुमारें ०.२, म्हणजे हजारीं दोन आहे. काळ निराळा आणि मोजलेली माणसेंही निराळीं. हे दोन आकडे परस्परविरोधी नव्हेत. तीं दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत.

दवाखान्याचा आकडा वाचतांना मनुष्य दोन प्रकारें चुकतो. एक चूक आमच्या बंधूंनीं केली ती: दवाखान्याचें प्रमाण सगळ्या गांवास लावून भयभीत होणें. ही चूक सांगितल्यावर सुधारते. दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती सुखाची आहे. 'तो त्या दवाखान्यांत जाणाऱ्यांचा रोग. आपल्या घराशीं त्याचा काय संबंध?' असें म्हणून माणूस कागद मिटवितो आणि पुन्हां सुपारी कातरूं लागतो.

ही दुसरी चूक फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत उपदंशाचें वर्णन आहे, तेथें तो एक रोग म्हणून सांगितला आहे. पुढें सोळाव्या शतकांत भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत एका नव्या रोगाचें बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर असे भेद वर्णिले आणि त्यास नांव दिलें फिरंगरोग! फिरंगी लोकांच्या संसर्गानें तो होतो, म्हणून हें नांव. बोलीभाषेंत आपण ज्यास गरमी म्हणतों, तोच हा रोग. परंतु फिरंग्यांच्या देशीं काय चाललें होतें? तेथें इटलीचे लोक त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक त्यास नेपल्सचा रोग म्हणत. आपल्या घरचा रोग, असें म्हणणारा देश मात्र कोठेंच नव्हता. पुढें इंग्रज सरकारनें १८६८ सालीं संसर्गजन्य रोगांचा कायदा केला, त्यांत तपासणीची सक्ति होती ती वेश्यांवर. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांवर नव्हे. तो कायदा १८८८ सालीं रद्द झाला. परंतु दोष एका बाजूसच शोधण्याची ती रीत आमच्या मनांतून रद्द झाली असें दिसत नाहीं.

आतां त्याच कागदावरील दुसरी ओळ पाहूं. बंधूंनीं ती वाचली नव्हती. त्या २,८०० जणांत १५१ स्त्रिया अशा होत्या कीं, त्या वेश्याव्यवसाय करणाऱ्या नव्हत्या. त्यांपैकीं २१ जणींस एच.आय.व्ही.ची लागण झालेली होती. म्हणजे शेंकडा १४. पुढें १९९६ पर्यंत हेंच काम चालू राहिलें आणि डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं तें अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत मांडिलें. त्या वेळेपर्यंत ९१६ स्त्रिया तपासून झाल्या होत्या. त्यांतील ५२५ वेश्याव्यवसाय करणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यांत लागणीचें प्रमाण जवळजवळ निम्मे होतें. उरलेल्या ३९१ स्त्रियांत तें शेंकडा १३.६ निघालें. या ३९१ म्हणजे बहुतेक आपल्या घरांतल्यासारख्याच संसारी स्त्रिया. पतीवांचून दुसरा पुरुष त्यांपैकीं बहुतेकींस ठाऊक नव्हता. त्यांचें आचरण निर्दोष होतें, व्रतें निर्दोष होतीं, आणि तरी रोग त्यांच्या घरीं चालून आला होता. त्या निदान दवाखान्यांत आल्या तरी. म्हणून मोजल्या गेल्या.

ज्या आल्या नाहींत, त्यांपैकीं एकीची हकीकत आतां सांगतों. संबंधितांची ओळख पटूं नये म्हणून कांहीं तपशील गाळले आहेत. जें सांगत आहों, तें त्या उभयतांच्या अनुमतीनें.

१९९४ च्या सुमाराची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी दिवेलागणीस आमच्याकडे आला. त्याचा चांदीचा धंदा. माल घेऊन महिना महिना परमुलखांत फिरावें लागे. लग्न होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर त्यानें खिशांतून घडी घातलेला एक कागद काढला. बाहेरगांवच्या एका डॉक्टरानें इंग्रजींत लिहून दिलेली ती चिठ्ठी होती.

"गुरुजी, एवढं वाचून सांगा. दुसऱ्या कुणाकडं न्यायची सोय न्हाई."

चिठ्ठींत परम्याचें इंग्रजी नांव होतें, औषधें होतीं, आणि अगदीं शेवटीं एक ओळ होती: पत्नीसही तपासणीसाठीं घेऊन यावें. आम्हीं ती ओळ वाचून दाखविली. त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, तेवढं राहूं द्या. घरांत काय म्हणून सांगूं? आई हाय, वैनी हाय. मी औषध घेतो की, मग झालंच."

आणि आम्हीं तेवढें राहूं दिलें. आम्हीं त्यास काय सांगितलें म्हणाल, तर इंद्रियनिग्रहाची महती सांगितली. दोन सुभाषितें अर्थासह ऐकविलीं. त्यानें तीं मान खालीं घालून ऐकलीं, पायां पडला आणि गेला. आपण एका तरुणास सन्मार्गास लाविलें, अशा समाधानांत आम्ही त्या रात्रीं जेवलों. त्या ओळींत जिचा उल्लेख होता, तिची आठवण आम्हांस झाली नाहीं असें नाहीं. झाली, परंतु दुसऱ्याच्या घरांतील गोष्टींत आपण कशाला पडावें, असें म्हणून आम्हीं ती बाजूस सारली.

पांच वर्षें लोटलीं. त्या घरांत पाळणा हलेना. मग घरोघर जें होतें, तेंच तेथें सुरू झालें. सोळा सोमवार झाले, नरसोबाच्या वाडीस खेपा झाल्या, औदुंबराच्या प्रदक्षिणा झाल्या. नवसामागून नवस बोलले गेले, आणि ते सगळे तिच्या नांवानें! नवऱ्यास कोणी एक एकादशीही धरावयास सांगितलें नाहीं. दुसऱ्या लग्नाची भाषा हळूहळू ओसरीवर येऊं लागली.

ती मुलगी आमच्या घरीं येत असे. आमच्या कुटुंबास काकू म्हणत असे. एके रात्रीं आमचें कुटुंब आम्हांस म्हणालें, "अहो, त्या पोरीच्या ओटीपोटांत सारखं दुखतं. वर्षानुवर्षं दुखतं आहे. सासूला सांगितलं तर म्हणे, उपासाच्या दिवशींच बरं दुखतं! तुमचाच विद्यार्थी ना तो? त्याला सांगा, तिला एखाद्या डॉक्टरणीकडे ने म्हणून."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. मग राहवेना, म्हणून त्या चिठ्ठीची हकीकत सांगितली. दिवा मालविलेला होता, तरी अंधारांत त्या उठून बसल्याचें कळलें. पुष्कळ वेळानें एवढेच शब्द आले, "तुम्हांला ठाऊक होतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास गांठलें आणि या वेळीं सुभाषित सांगितलें नाहीं. चार दिवसांनीं तो पत्नीस घेऊन कोल्हापुरास गेला. तपासणींत गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या बुजलेल्या आढळल्या. तें त्या जुन्या परम्यामुळेंच झालें, असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. नळ्या क्षयासारख्या दुसऱ्या रोगानेंही बुजतात. परंतु जुना संसर्ग हें त्याचें एक ठळक कारण आहे, आणि चिठ्ठीवरील ती ओळ पाळली असती तर तें कारण वेळींच दूर झालें असतें, एवढें निश्चित. उभयतांनीं औषध घेतलें. तिचें दुखणें थांबलें. मूल मात्र झालें नाहीं. त्यानें तिच्यापाशीं सर्व कबूल केलें, हें त्याच्या पदरीं पुण्य म्हटलें पाहिजे. ती आमच्या कुटुंबापाशीं येऊन बसली आणि रडली नाहीं, म्हणाली, "काकू, सगळ्यांनी उपास सांगितले. मला काय होतंय, हे कुणी विचारलंच न्हाई."

आतां वाचकांनीं हिशेब करावा. त्या परगांवच्या डॉक्टराच्या नोंदवहींत एक रोगी लिहिला गेला. खरे रोगी दोन असण्याचा संभव होता. दवाखान्याचें कोणतेंही कोष्टक उघडा. त्यांत येणारा प्रत्येक विवाहित पुरुष आपल्यामागें घरांत एक न लिहिलेलें नांव ठेवून आलेला असूं शकतो. टंच त्याचा काढला गेला; पेटींतल्या चांदीचा नाहीं.

हें न लिहिलेलें नांव पुष्कळदां स्वतःलाही ठाऊक नसतें, ही या रोगांची खरी कपटनीति. परमा झाला म्हणजे पुरुषास बहुधा आग होते, पू जातो. तो घाबरून औषध शोधतो. स्त्रीला तोच रोग झाला असतां पुष्कळ वेळां कांहींच जाणवत नाहीं, किंवा जाणवलें तरी 'बायकांचें नेहमींचें दुखणें' म्हणून तें सोडून दिलें जातें. क्लॅमिडिया म्हणून याच जातीचा दुसरा रोग आहे. त्यांत तर बहुतेक स्त्रियांस आणि पुष्कळ पुरुषांसही लक्षणच नसतें. आणि आंतल्या आंत मात्र त्याचें काम चालू राहतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें परमा, गरमी, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या रोगांची नवी लागण २०२० या एका वर्षांत जगभर ३७ कोटी ४० लाख झाली. इतकी मोठी संख्या कांहीं थोड्या दुराचारी लोकांत मावणारी नव्हे.

न आलेल्यांचा हिशेब कोणीच केला नाहीं, असें मात्र नाहीं. आपल्याच महाराष्ट्रांत गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग या दांपत्यानें तो केला. रोगी दवाखान्यांत येण्याची वाट न पाहतां त्यांनीं दोन खेड्यांतील स्त्रियांसच तपासावयाचें ठरविलें. तक्रार असो वा नसो. ६५० स्त्रियांची तपासणी झाली, आणि त्यांपैकीं शेंकडा ९२ जणींस स्त्रीरोग अथवा जननेंद्रियांचा कांहीं ना कांहीं विकार आढळला. हे सगळे विकार कांहीं संगतीनें होणारे नव्हते. परंतु एकंदर विकारांत निम्मा वांटा निरनिराळ्या संसर्गांचा होता. आणि याआधीं ज्यांची अशी तपासणी व उपचार कधीं तरी झाला होता, अशा स्त्रिया शेंकडा अवघ्या ८! १९८९ च्या जानेवारींत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत हें प्रसिद्ध झालें, तेव्हां जगांतील विद्वान चकित झाले. आमच्या कुटुंबास हा आकडा पुतणीनें सांगितला, तेव्हां त्या चकित झाल्या नाहींत. "बायका सांगत नाहींत म्हणजे दुखत नाहीं, असं तुम्हां पुरुषांना वाटतं," एवढेंच त्या बोलल्या.

ही गोष्ट स्पष्टपणें सांगणारा पुरुष मराठींत झाला नाहीं, असेंही नाहीं. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनीं १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. 'गुप्तरोगांपासून बचाव' असें पुस्तकही लिहिलें. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. रघुनाथरावांचीं सर्व मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. परंतु जो रोग बरा होऊं शकतो, तो केवळ लाजेमुळें अंगावर बाळगणें ही नीति नव्हे, हें त्यांचें म्हणणें आम्हांस उत्तर वयांत पटलें. आणि तें पटावयास आमच्या शेजारच्या घरांतील एका स्त्रीस इतकें भोगावें लागलें, याची आम्हांस लाज वाटते.

दुसराही एक धडा आम्हांस जवळच मिळाला. हुपरीहून सांगली कांहीं फार दूर नाहीं. तेथें १९९२ पासून 'संग्राम' या संस्थेचें काम वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांमध्यें सुरू झालें, आणि १९९६ सालीं त्या स्त्रियांनीं वेश्या अन्याय मुक्ति परिषद म्हणून आपली संघटना उभारली. निरोध वांटणें, तो वापरण्याविषयीं गिऱ्हाइकाशीं हट्ट धरणें, आजारी बहिणीस दवाखान्यांत नेणें, हें सर्व त्यांनीं आपलें आपण केलें. ज्यांना आम्ही रोगाचें मूळ म्हणून बोटें दाखवीत होतों, त्या स्वतःस जपावयास शिकल्या. आणि ज्यांना आम्ही गृहलक्ष्मी म्हणून मखरांत बसविलें, त्यांना आपल्या पतीस एक प्रश्न विचारण्याची मोकळीक आम्हीं दिली नाहीं.

मग करावें काय? उपदेशाचा आमचा अधिकार त्या चिठ्ठीच्या रात्रींच संपला. तरी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट, या रोगांपैकीं पुष्कळ पूर्ण बरे होतात. गरमीवर एके काळीं पारा आणि रसकर्पूर यांचा मारा होत असे. आज ती प्रारंभींच ओळखली तर पेनिसिलिनची एक सुई पुरते. गर्भवतीच्या रक्ताची वेळींच तपासणी केली तर पोटांतल्या बाळासही या रोगापासून वांचवितां येतें. एच.आय.व्ही. समूळ जात नाहीं. परंतु २००४ सालापासून सरकार त्यावरील औषध विनामूल्य देत आहे, आणि तें नियमानें घेणारा मनुष्य दीर्घकाळ चांगला जगतो.

दुसरी गोष्ट, दुकानदारास विचारून गोळ्या घेऊं नयेत. अर्धवट औषधानें परम्याचे जंतु निगरगट्ट होतात आणि पुढें चांगलें औषधही त्यांस जुमानीत नाहीं. सरकारी रुग्णालयांत या रोगांसाठीं 'सुरक्षा क्लिनिक' नांवाचे विभाग आहेत. तेथें तपासणी, सल्ला व औषध विनामूल्य मिळतें. कोठें जावें हें कळत नसेल, तर १०९७ या क्रमांकावर दूरध्वनि करून विचारतां येतें. नांव सांगावें लागत नाहीं. आणि २०१७ च्या कायद्यानें, जो २०१८ च्या सप्टेंबरांत अमलांत आला, एच.आय.व्ही.ची तपासणी संमतीवांचून करण्यास आणि तिचें फलित चव्हाट्यावर मांडण्यास मनाई केली आहे.

तिसरी गोष्ट ही कीं, औषध दोघांनीं घ्यावयाचें असतें. एकानें घेतलें आणि दुसऱ्यानें नाहीं, तर रोग या अंगावरून त्या अंगावर फिरत राहतो. घराची निम्मीच भिंत बांधून चोर थांबत नाहीं.

चौथी गोष्ट आमच्यासारख्या वडीलधाऱ्या मंडळींसाठीं. सुनेस मूल होत नसेल, तर नवस बोलण्यापूर्वीं तिला आणि मुलास, दोघांसही, डॉक्टरांकडे पाठवावें. देव कोठें जात नाहीं. तो तपासणीनंतरही नवसास पावेल. लेकीसुनांनीं दुखतें म्हटलें, तर 'केव्हांपासून?' एवढा एक प्रश्न विचारावा. तो विचारण्यानें घराण्याची अब्रू जात नाहीं. न विचारल्यानें काय जातें, तें आम्हीं पाहिलें आहे.

ती स्त्री आज पन्नाशीच्या घरांत आहे. दिराची मुलगी तिनें वाढविली, शिकविली. गेल्या वर्षीं तिचें लग्न झालें. लग्न ठरलें तेव्हां तिनें वधूवरांच्या पत्रिकांबरोबर दोघांच्या रक्ताचे कागदही मागून घेतले. वराकडील मंडळी क्षणभर चपापलीं. ती हंसून म्हणाली, "चांदीचा धंदा हाय आमचा. टंच बघितल्याबिगर आम्ही कायबी घेत न्हाई, आणि देत बी न्हाई." मंडळी हंसलीं, आणि कागद आले.

संक्रांतीस ती आमच्याकडे तिळगूळ घेऊन येते. वांकून नमस्कार करते, गुरुजी म्हणते. आशीर्वाद देतांना आमचा हात अजूनही किंचित कांपतो. तीस वर्षांपूर्वीं एका चिठ्ठीची शेवटची ओळ आम्हीं वाचली आणि सोडून दिली. ती ओळ आज या मासिकाच्या द्वारें घरोघर पोंचावी, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच. ती ओळ अशी होती: पत्नीसही तपासणीसाठीं घेऊन यावें.